लग्नविधीत धूर, ठिणग्या आणि प्रकाश: काय ठेवावे, कोठे थांबावे

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा की, आपल्या पुतणीचे लग्न मार्गशीर्षात गंगापूर रोडवरील एका लॉन्सवर गोरज मुहूर्तावर ठरले आहे. इव्हेंट करणाऱ्या मंडळींनी मंगलाष्टके चालू असताना बोहल्यावर ड्राय आइसचा धूर, अंतरपाट दूर होताच चारही कोपऱ्यांतून कोल्ड पायरो (ठिणग्यांचे कारंजे उडवणारी यंत्रे), लाजाहोमाच्या वेळी ब्लोअरने पाकळ्यांचा वर्षाव आणि सप्तपदीवर वरून ड्रोन असा बेत दिला आहे. मुलामुलीला तो आवडला आहे, घरातील ज्येष्ठांना पटलेला नाही, आणि विधीत असे काही होणार असेल तर दुसरे गुरुजी पाहावेत, असे आपल्या गुरुजींनी स्पष्ट सांगितले आहे. विधीचा मान राखून यातले काही करता येते का, आणि करायचे तर कसे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

करता येते, पण दिलेल्या बेतातले निम्मे तरी गाळावे लागेल आणि उरलेल्याची जागा बदलावी लागेल. नाशिक आणि आसपासच्या लॉन्सवर व मंगल कार्यालयांत लग्नांची प्रकाशयोजना आणि हे विशेष परिणाम करण्यात माझा बराच काळ गेला आहे. त्यातून माझ्यापुरती एक कसोटी पक्की झाली आहे. ज्या क्षणी मुहूर्ताला, मंत्राला किंवा अग्नीला यंत्रासाठी थांबावे लागते, वाकावे लागते किंवा दबून जावे लागते, त्या क्षणी मर्यादा ओलांडली गेली असे मी मानतो. यंत्र मागून आले आणि विधीने मोकळ्या सोडलेल्या जागेत बसले, तर त्याला बहुतेक गुरुजींचाही विरोध नसतो. आपल्या गुरुजींचा राग यंत्रांवर नसून त्या यंत्रांना दिलेल्या वेळांवर असावा, असे बेत वाचून मला वाटते.

मंगलाष्टकांपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. वधूवर पाटांवर समोरासमोर उभे असतात, मध्ये स्वस्तिक काढलेला अंतरपाट धरलेला असतो, मुलीच्या मागे मामा असतो, हातात माळा असतात आणि दोघांनी एकमेकांना पाहायचे नसते. त्या काही मिनिटांत सगळा मांडव कानांनी लग्नात सहभागी झालेला असतो. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. दीर्घ चरण चढत जातो आणि ‘शुभमंगल सावधान’वर उतरतो, त्याबरोबर अक्षता पडतात. अनेक घरांत आत्या, मावश्या स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणतात आणि त्यांत दोन्ही घरांतील माणसांची नावे गुंफलेली असतात. या वेळी धूर सोडला की सगळे लक्ष पायांकडे जाते, लहान मुले बोहल्याकडे धावतात, यंत्राच्या पंख्याचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो आणि आत्याबाईंच्या ओळी कोणाच्याच कानी पडत नाहीत. म्हणून मंगलाष्टकांच्या वेळी कोणताही परिणाम नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रकाशही हलू नये. फिरणारे दिवे बंद ठेवावेत आणि बोहल्यावर एकसारखा, स्थिर, उबदार उजेड असावा.

आता ‘सावधान’ हा शब्द किती वेळा येतो ते पाहा. प्रत्येक कडव्याच्या शेवटी येतो. ज्या तंत्रज्ञाला एवढेच सांगितलेले असते की ‘सावधान म्हटले की बटण दाबायचे’, तो पहिल्याच कडव्याला ठिणग्या उडवून मोकळा होतो. असे घडलेले मी पाहिले आहे. ठिणग्या उडाल्या तेव्हा अंतरपाट जागच्या जागी होता, वाजंत्र्यांनी गोंधळून वाजवायला सुरुवात केली आणि गुरुजींना हात वर करून सर्वांना थांबवावे लागले. खरी खूण वेगळी आहे. शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव’ म्हणू लागतात. ते संपते, अखेरचे ‘सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो आणि कोणीतरी ‘वाजवा रे वाजवा’ म्हणून ओरडते. सनई, चौघडा, ताशा, बँड जे काही असेल ते एकदम उठते. आपल्या परंपरेने स्वतःच ठेवलेला हा जल्लोषाचा क्षण आहे. दाक्षिणात्य लग्नात मंगळसूत्र बांधताना नादस्वरम् (सनईसारखे वाद्य) आणि तविल (ढोल) यांचा एकत्र गजर, गेट्टिमेळम्, असाच एकाएकी उसळतो. म्हणजे मोठा नाद आणि एकदम फुटणारा आनंद विधीला परका नाही, फक्त त्याची जागा ठरलेली आहे.

त्यामुळे कोल्ड पायरो ठेवायचेच असतील तर ते येथे, आणि तेही अंतरपाट दूर होताक्षणी नव्हे. अंतरपाट सरकतो तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहतात. ती नजर काही क्षणांचीच असते. चारही बाजूंनी ठिणग्या उसळल्या तर दोघेही दचकून बाजूला पाहतात आणि ज्या दर्शनासाठी मध्ये पडदा धरला होता ते दर्शनच हुकते. म्हणून मी क्रम असा ठेवतो: अंतरपाट दूर होतो, वाद्ये उठतात, मुलगी माळ घालते, मुलगा माळ घालतो आणि दुसरी माळ गळ्यात नीट बसल्यावर ठिणग्या सुरू होतात. दहा ते पंधरा सेकंद पुरतात. बटण ज्याच्या हाती असेल त्याने गुरुजींकडे पाहायचे, छायाचित्रकाराकडे नाही. मुहूर्त साधल्यावर ‘माळ पुन्हा एकदा घाला, ठिणग्यांबरोबर फ्रेम घेऊ’ असे म्हणू द्यायचे नाही, हे इव्हेंटवाल्यांना आधीच बजावून ठेवावे. छायाचित्रे हवीच असतील तर ती स्वागत समारंभात कितीही घेता येतात.

‘कोल्ड’ या नावाने अनेकांची फसगत होते. या यंत्रात टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांसारख्या धातूंच्या मिश्रणाचे बारीक कण तापवून वर फेकले जातात. फटाक्यासारखी दारू नसते, धूर व वास कमी असतो आणि लांब पडलेली ठिणगी निवलेली असते, एवढ्याच अर्थाने ते थंड. यंत्राच्या तोंडाशी कण भाजण्याइतके तप्त असतात. नवरीच्या अंगावर अष्टपुत्री किंवा शालू असतो, नेटची ओढणी असते, दोघांच्या कपाळावर मुंडावळ्या लोंबत असतात, मागे कापडाचा पडदा आणि थर्माकोलची किंवा कागदी फुलांची आरास असते. रेशीम धुमसते, पण नायलॉनची जाळी वितळून अंगाला चिकटते. म्हणून माणसे आणि कापड यांपासून मी किमान दहा फूट अंतर ठेवतो. उत्पादकाने यंत्राच्या पुस्तिकेत त्याहून जास्त अंतर सांगितले असेल तर तेच खरे. वरचे छत किंवा झालर ठिणगीच्या उंचीच्या कितीतरी वर असली पाहिजे. लॉन्सवरच्या उघड्या बोहल्यावर हे जमते. कापडी छताच्या मांडवात किंवा बंद सभागृहात मी हे यंत्र लावत नाही, यजमानांनी कितीही आग्रह केला तरी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इराकमधील हमदानिया येथे लग्नाच्या सभागृहात आतषबाजीच्या ठिणग्यांनी छताने पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते लग्नघरच होते आणि ती माणसे वऱ्हाडीच होती.

आणखी एक गोष्ट लाइटवाल्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. या धातूच्या भुकटीला आग लागली तर तिच्यावर पाणी ओतायचे नसते. तप्त धातू पाण्याशी प्रक्रिया करून हायड्रोजन सोडतो आणि आग भडकते. यंत्राजवळ कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवाव्यात. कापडाच्या आगीसाठी नेहमीचे अग्निशामक वेगळे असावे आणि कोणते कशासाठी हे सांगणारा माणूस तेथे उभा असावा. भुकटी दमट झाली तर यंत्र अडते, आणि मग तंत्रज्ञ भर मुहूर्तावर बोहल्यावर चढून ते ठोकत बसतो. ते दृश्य कोणत्याही लग्नात शोभत नाही. म्हणून यंत्राची चाचणी वऱ्हाड येण्याआधी व्हावी, आणि ऐन वेळी ते चालले नाही तर तसेच सोडून द्यावे.

आता धुराचा प्रश्न. लाजाहोम किंवा सप्तपदीच्या वेळी ‘ढगांतून चालल्यासारखे’ दिसावे म्हणून ड्राय आइस सुचवला जातो. माझा सर्वात ठाम विरोध याला आहे आणि त्याचे कारण धार्मिक आहे तसेच भौतिकही आहे. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते आणि गरम पाण्यात टाकला की तो द्रवरूप न होता थेट वायू बनतो. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून अधिक वायू तयार होतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने जमिनीलगत पसरतो, आणि तो जमिनीलगत राहतो म्हणूनच सुंदर दिसतो. पण होमकुंडही जमिनीलगतच असते. तो पांढरा थर विटांच्या कडेवरून कुंडात उतरला की ज्वाला पिवळी, आखूड होते, समिधा धुमसू लागतात आणि गुरुजी पळीने तूप सोडत राहतात तरी अग्नी उचलत नाही. काही अग्निशामक नळकांड्यांतही हाच वायू असतो आणि तो हेच काम करतो. ज्या अग्नीला साक्षी ठेवून पाणिग्रहण होते, ज्यात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या आहुती म्हणून पडतात, तो अग्नी शोभेसाठी विझवायला लावणारे यंत्र बोहल्यावर आणायचे कशासाठी? गुरुजींची हरकत मी येथे शब्दशः मान्य करतो.

त्यातच विधीला बसलेली सगळी माणसे जमिनीलगत असतात: पाटावरचे गुरुजी, वधूवर, मांडी घालून बसलेले आईवडील, कोणाच्या तरी मांडीवरचे तान्हे मूल. बंद सभागृहात हा वायू खाली साचला तर डोके जड होणे, धाप लागणे येथपासून गंभीर त्रासापर्यंत काहीही होऊ शकते. मार्गशीर्षात नाशिकची थंडी आणि पडलेला वारा यांमुळे लॉन्सवरही हा थर उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. दिसायला ते फायद्याचे, श्वासाला नाही. ग्लायकॉलच्या द्रवाचे फॉग मशीन वापरले तर वायूचा धोका टळतो, पण फरशीवर तेलकट ओल बसते आणि सप्तपदी अनवाणी चालायची असते. मुलगी जड शालूत, शेल्याच्या गाठीने नवऱ्याशी बांधलेली, पुढे तांदळाच्या सात लहान राशी आणि खाली निसरडी फरशी, हा धोका कोणी पत्करू नये.

ड्राय आइसची हौस भागवायचीच असेल तर ती स्वागत समारंभात, दोघे उभ्याने प्रवेश करतात तेव्हा, उघड्यावर आणि थोडक्यात भागवावी. हाताळणाऱ्याने जाड हातमोजे घालावेत, तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नये कारण वायूच्या दाबाने डबा फुटतो, आणि गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवाव्यात. उरलेला तुकडा मुलांच्या हाती खेळायला पडणार नाही हे पाहावे.

लाजाहोमाच्या वेळी पाकळ्यांचा ब्लोअर कशासाठी सुचवला ते मला समजले नाही. ब्लोअरचा झोत कुंडाजवळून गेला की राख आणि निखाऱ्याचे कण उडतात. हा विधी मुळात इतका जिव्हाळ्याचा आहे की त्याला बाहेरून काही लावण्याची गरजच नसते. मुलीचा भाऊ पुढे येतो, लाह्या देतो, अनेक घरांत नंतर नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याची भेट घेतो. मांडवातील सर्वात मोकळे हसू तेव्हाच ऐकू येते. तेथे मी एकच काम करतो. बाजूच्या दिव्याचा कोन असा ठेवतो की भावाबहिणीच्या ओंजळी उजळाव्यात आणि ज्वालेचा स्वतःचा रंग दिसावा. ज्वालेवर समोरून प्रखर पांढरा प्रकाश टाकला तर ती जवळजवळ अदृश्य होते. आजूबाजूचा उजेड थोडा मंद केला की होमाचा खरा उजेड वधूवरांच्या चेहऱ्यांवर येतो आणि कॅमेऱ्यालाही तोच सर्वात चांगला मिळतो.

अक्षतांच्या बाबतीतही हेच. तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून काही घरे आता पाकळ्या वापरतात आणि गुरुजीही ते मान्य करतात. तो निर्णय घरचा. पण अक्षता यंत्राने उडवू नयेत. थरथरत्या हाताने चार दाणे टाकणाऱ्या आजीचा आशीर्वाद त्या चार दाण्यांत असतो. तोफेतून सुटलेल्या ढिगाऱ्यात तो कोणाचाच उरत नाही, शिवाय वेगाने आलेला दाणा डोळ्यात जातो. पाकळ्यांचा वर्षाव करायचा तर दोघे बोहल्यावरून उतरून थोरांच्या पाया पडायला निघतात तेव्हा, वरच्या जाळीतून हलकेच सोडून करावा. नाशिकच्या फूलबाजारात झेंडू आणि गुलाब भरपूर मिळतात. पाकळ्या कोरड्या असाव्यात, कारण ओल्या पाकळ्यांच्या गुठळ्या पडतात आणि पायाखाली घसरतात. चकचकीत प्लास्टिकच्या कपट्यांची कॉन्फेटी मात्र अजिबात नको. एक कपटा होमात पडला तरी जळक्या प्लास्टिकची दुर्गंधी सुटते, आणि उरलेले कपटे लॉन्सच्या गवतातून नाल्यात व नाल्यातून गोदावरीत जातात. गंगापूर रोडचा परिसर नदीला किती लागून आहे ते आपण जाणताच.

प्रकाशाच्या रंगाबद्दल फार कमी लोक विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हल्ली बोहल्यावर निळे-जांभळे एलईडी लावण्याची पद्धत पडली आहे. निळ्या प्रकाशात लाल रंग काळा दिसतो. नवरीच्या कपाळावरचे कुंकू काळे, हळदीचे हात राखाडी आणि सुपारीवरची पिंजर चिखलासारखी दिसते. विधीतील प्रत्येक वस्तूचा रंग नेमून दिलेला आहे आणि तो जसाच्या तसा दिसला पाहिजे, हाही मान राखण्याचाच भाग आहे. २७०० ते ३२०० केल्व्हिनचा उबदार पांढरा, रंग खरे दाखवणारा दिवा बोहल्यावर वापरावा. रंगीत दिवे झाडांवर, कमानींवर आणि भोजनाच्या बाजूला कितीही लावावेत. गुरुजींच्या पोथीवर वेगळा लहान दिवा द्यावा. वयस्क गुरुजी डोळे किलकिले करून मंत्र वाचतात आणि समोरचा फिरणारा दिवा दर पाच सेकंदांनी त्यांच्या चष्म्यावर येतो, हे अनेक लॉन्सवर घडते आणि त्याची कोणाला खंतही वाटत नाही. झपझप उघडझाप करणारे स्ट्रोब दिवे विधीत नकोतच. सेकंदाला साधारण तीन ते तीस वेळा होणारी उघडझाप काही व्यक्तींत अपस्माराचा झटका आणू शकते, त्यामुळे नाचगाण्यातही त्यांची आधी सूचना द्यावी. लेझरचा झोत माणसांच्या डोळ्यांवर किंवा कॅमेऱ्यांवर येऊ देऊ नये आणि आकाशाकडे तर मुळीच सोडू नये, कारण नाशिकवरून विमाने व लष्करी हेलिकॉप्टर जात असतात.

गौरीहराच्या खोलीत काहीही नको. मुलगी अन्नपूर्णेपुढे बसलेली असते. समईचा उजेड आणि छायाचित्रकाराला लागलाच तर एक मंद दिवा पुरे.

एलईडी पडद्यावर आणि जमिनीवर काय दाखवायचे, हे बेत देणाऱ्यांनी आपल्याला सांगितलेले दिसत नाही. ते नक्की विचारा. जमिनीवरील एलईडीवर किंवा प्रकाशाच्या साच्याने ॐ, स्वस्तिक, श्रीगणेश किंवा बालाजी यांच्या आकृती टाकण्याची हौस असते आणि त्यावरून करवल्यांपासून वाढप्यांपर्यंत सगळे चपला घालून चालतात. देवतेची प्रतिमा माणसाच्या उंचीच्या वर, स्थिर आणि मागे असावी. पायाखाली रांगोळीची वेल, कमळाच्या पाकळ्या, द्राक्षवेल असे काहीही चालेल. विधी चालू असताना पडद्यावर जाहिरात, इव्हेंटवाल्यांचे नाव किंवा वधूवरांच्या भटकंतीचे व्हिडिओ नसावेत. मंत्रांवर ताल चढवून केलेली ध्वनिफीत गुरुजींच्या आवाजावर लावू नये. त्याऐवजी गुरुजींना चांगला कॉलर माइक द्यावा आणि पाहुण्यांकडे तोंड केलेले दोन लहान ध्वनिक्षेपक ठेवावेत, म्हणजे सप्तपदीतील प्रत्येक पावलाचा अर्थ ते मराठीत सांगतील तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल. माझ्या मते आपल्या खर्चातील सर्वात सार्थकी लागणारा पैसा हाच.

काम करणाऱ्या माणसांच्या वागण्यालाही तितकेच महत्त्व आहे. बोहल्यावर जोडे काढून चढायचे, होमकुंड ओलांडायचे नाही, वायर कुंडाच्या किंवा कलशाच्या पुढून न्यायची नाही, पूजेच्या ताटाला हात लावायचा नाही, तोंडात गुटखा-तंबाखू नको, आणि गुरुजी बोलत असताना वॉकीटॉकी बंद. माझ्या मुलांना मी हे कामावर घेतानाच सांगतो. अनवाणी वधूवर, ओले गवत आणि जनित्रावर चालणारी विजेची यंत्रे एकत्र आली की धोका मोठा असतो. म्हणून बोहल्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा) असलाच पाहिजे आणि सर्व जोड जमिनीपासून वर व झाकलेले असले पाहिजेत. डेकोरेटर किंवा लॉन्सवाले हे स्वतःहून सांगत नाहीत. आपण विचारले तर मात्र बसवून देतात.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जाणार असेल आणि प्रवेशद्वारावर सीओटू जेट (कार्बन डायऑक्साइडचा पांढरा झोत सोडणारे यंत्र) किंवा ठिणग्या ठेवल्या असतील, तर नवरदेव उतरून घोडा दूर नेल्याशिवाय त्या सुरू करू नयेत. जेटच्या फुसकाऱ्याने शांत घोडासुद्धा बिथरतो. वरात रात्री निघणार असेल तर दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील नियम सर्वांना लागू आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. गंगापूर रोडवर रुग्णालये बरीच आहेत, त्यामुळे वरातीचा मार्ग ठरवताना हे आधी पाहावे.

ड्रोनबद्दल आपण खास विचारले आहे. नाशिकमध्ये हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण देवळालीची छावणी, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, गांधीनगरचे लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र आणि ओझरचा विमानतळ या सर्वांच्या परिसरात उड्डाणांवर निर्बंध आहेत. ड्रोन नियम, २०२१ नुसार आपल्या लॉन्सची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहता येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. ‘आम्ही नेहमी उडवतो’ हे ड्रोनवाल्याचे उत्तर पुरेसे नाही. परवानगी असली तरी विधीवर ड्रोन नको. त्याच्या पंख्यांचा खालचा झोत समया विझवतो, होमातील राख उडवतो आणि त्याची घरघर मंत्रांवर सतत राहते. मुहूर्ताआधी, वऱ्हाड जमत असताना, सूर्य मावळतीला गेलेला असताना लॉन्सचे एक उंचावरचे दृश्य बाजूने घ्यावे आणि ड्रोन खाली उतरवून ठेवावा. सप्तपदीसाठी बोहल्याच्या छताला आधीच एक लहान, आवाज न करणारा कॅमेरा बांधून घेता येतो. सात राशी, सात पावले आणि शेल्याची गाठ हे वरून टिपायला तो ड्रोनपेक्षा स्थिर असतो.

राहिला प्रश्न गुरुजींना कसे भेटावे याचा. इव्हेंटवाल्यांना बरोबर घेऊन, लग्नाच्या किमान दहा-पंधरा दिवस आधी त्यांच्या घरी जा. परिणामांची यादी पुढे ठेवण्याऐवजी विधींचा क्रम त्यांच्याकडून लिहून घ्या: सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके, कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी, पुढे सूनमुख आणि झाल. प्रत्येक विधीसमोर त्यांनी सांगितलेली वेळ लिहा आणि मग एवढेच विचारा की यांपैकी कोणत्या दोन विधींच्या मध्ये आम्हाला थोडी मोकळीक मिळेल. माळा घालून झाल्यावरचा वाद्यांचा वेळ आणि विधी संपून वधूवर बोहल्यावरून उतरतात तो वेळ ते स्वतःच दाखवतील, असा माझा अनुभव आहे. जेथे त्यांनी नको म्हटले तेथे ‘फक्त पाच सेकंद’ असा हट्ट धरू नये. मुलामुलीलाही त्या बैठकीला न्यावे. आपण कोणत्या वेळी अग्नीपुढे बसणार आहोत आणि गुरुजी त्या वेळी काय म्हणणार आहेत हे त्यांनी गुरुजींच्या तोंडून ऐकले, की बेतातल्या बऱ्याच गोष्टी ती दोघे आपणहून स्वागत समारंभाकडे ढकलतात.

तो ठरलेला क्रम एका कागदावर छापून चार जणांना द्यावा: गुरुजी, लाइटवाला, छायाचित्रकार आणि आपल्या घरातील एक जाणती व्यक्ती. मंगलाष्टके पाठ असलेली ही व्यक्ती बटण दाबणाऱ्याच्या शेजारी उभी राहील आणि तिने खांद्यावर हात ठेवल्याशिवाय काहीही सुरू होणार नाही, असे इव्हेंटवाल्यांशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावे. वाळूच्या बादल्या, अग्निशामक, गळतीरोधक स्विच आणि ड्रोनची परवानगी यांचाही उल्लेख त्याच करारात असावा, आणि बयाण्याची रक्कम देण्याआधी त्यावर सही व्हावी.